परिणामाचा रकाना

सारा आणि जोएल,

पप्पांनी तुम्हाला सांगितलं होतं की आजीचं पोटाचं लहानसं ऑपरेशन झालं. ते लहान नव्हतं. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात कॅन्सर होता. तो काढला, आणि पुढचे सात महिने शौचाचा नेहमीचा रस्ता बंद ठेवून माझ्या पोटावर एक पिशवी चिकटवलेली होती. आता पिशवी नाही. रस्ता पुन्हा जोडला आहे आणि डॉक्टर म्हणतात मी बरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. तुमच्यापासून हे लपवायला पप्पांना मीच सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका.

आज लिहायला बसले ते साराच्या मेसेजमुळे. सारा, तुमच्या चर्चमधल्या तरुणांकडून कृपादानं ओळखण्याचा फॉर्म भरून घेत आहेत आणि त्यातलं एक पान घरच्या माणसाने भरायचं आहे. ते पान तू मला पाठवलंस. 'तू मला ओळखतेस, आणि असल्या गोष्टी तुलाच कळतात,' असं खाली लिहिलंस. पहिला भाग खरा असेल. दुसऱ्या भागासाठी हे सगळं लिहावं लागतं आहे.

जोएल, तुझ्यासाठी सांगते. कृपादान म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कामासाठी देवाने प्रत्येक विश्वासणाऱ्याला फुकट दिलेली देणगी. कोणाला शिकवण्याची, कोणाला दयेची, कोणाला कारभार बघण्याची. मिळवलेली नसते, म्हणून तिचा गर्व करायचा नसतो. हे मी संडेस्कूलमध्ये वीस वर्षं शिकवलं.

मराठीत लिहिते आहे. इंग्रजी माझ्या शाळेची आणि नोकरीची भाषा, पण तीत लिहिलं की मी आहे त्यापेक्षा शहाणी दिसते. या वेळी ते नको.

*

रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा मूळव्याध असणार असं मी ठरवून टाकलं. तपासलं नाही, ठरवलं. रोजनिशीत 'पोट ठीक नाही' एवढंच लिहायचे आणि खाली रेघ मारायचे. असे चार महिने गेले. मंडळीतल्या कितीतरी बायकांना 'दुखणं अंगावर काढू नका' म्हणून मीच दम दिलेला होता.

रिपोर्ट सांगितला त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, नाशिकला जानेवारीत असते तशी. डॉक्टर पप्पांपेक्षाही लहान. त्याने फाईल आजोबांकडे वळवली आणि म्हणाला, "काका, घाबरायचं काही कारण नाही." आजार मला आणि धीर काकांना. पण मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, बाकासमोर उभी राहून उलट्या दिसणाऱ्या वह्या वाचल्या आहेत. फाईल उलटी असूनही तो शब्द मी आजोबांच्या आधी वाचला. त्यांना वाचूनही कळला नाही. ते दोनदा विचारत राहिले, गोळ्यांनी जाईल ना? शेवटी डॉक्टरच्या आधी मीच त्यांना सांगितलं की कॅन्सर आहे.

परतताना त्यांनी द्राक्षांच्या गाडीपाशी रिक्षा थांबवली. एकेक मणी तोंडात टाकून, आंबट आहे म्हणून गाडीवाल्याशी वाद घालून, बराच वेळ लावून द्राक्षं घेतली. रिक्षात बसून मी बघत होते. रिक्षात परत आलं की माझ्या तोंडाकडे बघावं लागेल, म्हणून तो वाद चालला होता. ती द्राक्षं घरी कोणीच खाल्ली नाहीत. सुकली आणि टाकली.

संध्याकाळी आम्ही दोघांनी गुडघे टेकले. प्रार्थना मी केली, नेहमी मीच करते. आणि सारा, तुला खरं सांगते, करता करता माझ्या मनात आलं की आज वाक्यं चांगली जमत आहेत.

*

आता थोडं मागे जाते, म्हणजे पुढचं कळेल.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक पाहुणे उपदेशक आले होते. तुझ्या फॉर्मसारखीच एक इंग्रजी प्रश्नावली त्यांनी आणली होती. ऐंशी विधानं, प्रत्येकापुढे स्वतःला शून्य ते पाच गुण द्यायचे, शेवटी बेरीज केली की आपलं कृपादान निघतं. भाषांतर साहजिकच माझ्याकडे आलं. मी ते आठ दिवसांत केलं, टाईप करून घेतलं आणि स्त्री मंडळाच्या बैठकीत सगळ्यांकडून भरून घेतलं. शेजारणीचं बघू नका, असंसुद्धा मी म्हणाले होते.

मला सगळ्यांत जास्त गुण पडले ते 'बोध' या कृपादानाला. खचलेल्या माणसाला शब्दांनी उभं करणं, असा त्याचा अर्थ. त्यात एक विधान होतं: 'मी माझं कृपादान ओळखून ते नम्रपणे वापरते.' त्याला मी पाचपैकी चार दिले. पाच देणं गर्वाचं दिसलं असतं.

यमुना तेव्हा नुकती मंडळीत आली होती. दिंडोरीकडच्या गावातली. नवरा दाविद द्राक्षबागांत छाटणीला जायचा. पाठ गेली म्हणून दोघं शहरात आले. तो एका इमारतीत वॉचमन झाला आणि ती दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तिला भरभर वाचता येत नव्हतं, म्हणून तिचा कागद मी भरायला घेतला.

"'दुःखात असलेल्या माणसाजवळ मला योग्य शब्द सुचतात,'" मी वाचलं.

"नाय सुचत, बाई," ती म्हणाली. मंडळीत सगळे मला बाईच म्हणतात. "मी आपली बसते."

"बसते म्हणजे?"

"बसते. मग उठते."

बायका हसल्या. मीही हसले आणि शून्य लिहिलं. तिची बेरीज कुठल्याच कृपादानापर्यंत पोचेना, तेव्हा मी कागदाच्या वर 'सेवा' असं लिहिलं आणि बैठकीच्या चहाचं काम तिच्याकडे दिलं. चहा ती चांगला करते.

आणि माझ्याकडे आजाऱ्यांच्या भेटी आल्या. दर मंगळवारी दुपारी आम्ही चौघी जायचो. विचारपूस, शास्त्राचा उतारा, चार शब्द बोधाचे, प्रार्थना, आणि वीस मिनिटांत उठायचं, कारण आजारी माणूस थकतो. वही माझी. तारीख, नाव, आजार, उतारा, प्रार्थना कोणी केली, आणि शेवटचा रकाना परिणामाचा. तो मी घरी येऊन भरायचे.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर पेन घेऊन आली. मला उभं केलं, बसवलं, वाकवलं, निऱ्या कुठे खोचता ते विचारलं, आणि पोटावर उजवीकडे एक फुली मारून गेली. शुद्धीवर आले तेव्हा त्या फुलीच्या जागी आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं होतं. लाल, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. ते आपल्याला विचारत नाही. आपण बोलत असू, जेवत असू, प्रार्थनेत असू, त्याला वाटेल तेव्हा ते वाहतं आणि आवाजही करतं. पिशवी दिवसातून सहा-सात वेळा रिकामी करायची. दर चौथ्या दिवशी पिशवीची चिकट चकती काढून नवी लावायची. चकतीला भोक आपणच कात्रीने पाडायचं, नेमकं त्या तोंडाएवढं. मोठं पडलं तर कडेची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते.

वॉर्डात सकाळी साडेपाचला थर्मामीटर, सहाला फिनेलचा वास, आठला राउंड. तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर माझ्या डोक्यावरून दुसरीला इंग्रजीत म्हणाला की म्हातारी सहकार्य करत नाही. मी त्याला इंग्रजीतच विचारलं, नक्की कशात. मग तो माझ्याशी फार नम्रपणे बोलू लागला. तो आनंद मला दुपारपर्यंत पुरला. दुपारी चकती सुटली आणि सगळं अंथरुणात झालं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी आजोबांनी प्रयत्न केला. हातमोजे घातले, कात्री घेतली, आणि पिशवी सोडवली तशी त्यांना बेसिनपर्यंतही जाता आलं नाही. त्यानंतर पिशवीची वेळ झाली की ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जायचे. जास्त पाण्याने दोन गुलाब मेले. एकदा मी त्यांना म्हणाले, शेहेचाळीस वर्षं तुमचं सगळं केलं, ते काय सुवासाचं होतं?

"होत नाही गं माझ्याच्याने," ते म्हणाले.

पप्पांनी फोनवरून एक नर्स ठेवायला लावली. ती नाकाला रुमाल बांधून मोबाईल बघत बसायची. आठवड्यात मी तिला नको म्हणून सांगितलं. मला स्वतःला जमत नव्हतं, कारण झोपून ते तोंड नीट दिसत नाही, आणि उभं राहिलं की माझे हात कापत. कातडी सोलली होती. पाण्याचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

*

मग मंगळवार आला आणि चौघी आल्या.

माझ्या जागी आता शैला होती, पंचेचाळिशीची, हुशार, माझ्याच हाताखाली तयार झालेली. सगळं माझ्या पद्धतीने झालं. खुर्च्या पलंगाच्या उजवीकडे, आजाऱ्याला मान वळवावी लागू नये म्हणून. दोन मिनिटं विचारपूस. उतारा मी निवडला असता तोच. मग शैला पुढे झुकली, माझ्या मनगटावर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "बाई, मनात काही राहून गेलं असेल तर प्रभूपुढे मोकळं करा. ओझं उतरलं की शरीरसुद्धा हलकं होतं."

ते वाक्य माझं होतं. मनगटावर हात ठेवणंही माझंच.

तेवढ्यात पिशवीने आवाज केला आणि वास सुटला. एकीने खिडकीबाहेर बघितलं, एकीचा पदर नाकाशी गेला. शैलाने प्रार्थना सुरू केली, जरा मोठ्याने. मी तिथे घाण होऊन पडले होते, आणि चार चांगल्या बायका मला सांगत होत्या की याचं कारण तुझ्यातच कुठेतरी आहे, शोध. त्यांच्या मनात तसं नव्हतं. माझ्याही मनात कधी तसं नसायचं. मी तोंड भिंतीकडे केलं.

वीस मिनिटांनी त्या उठल्या. दारात शैला हलक्या आवाजात दुसरीला म्हणाली, "शांत झाल्या."

ते मी ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलेला दुसरा एक माणूस मला आठवला.

आजोबांना वही काढायला सांगितली. कपाटात वह्या क्रमाने लावलेल्या आहेत, ती दोन मिनिटांत सापडली. माझ्या घरात सगळं दोन मिनिटांत सापडतं. नऊ वर्षांपूर्वीची नोंद. दाविद, यमुनाचा नवरा. आजार यकृताचा. प्रार्थना: स्वतः. परिणाम: शांत झाले.

दाविद पूर्वी प्यायचा हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हणाले, तिघी बायकांच्या देखत. यमुना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आम्ही प्रार्थना केली, चहा प्यायलो, निघालो. आठ दिवसांनी तो गेला. त्याच्या अंत्यविधीला आम्ही गीतं फार सुरेख गायलो.

मी पानं उलटत गेले. शांत झाल्या. धीर आला. डोळे भरून आले. समाधान वाटले. सगळं माझ्या अक्षरात, एका ओळीत, नीट. यातल्या एकालाही मी कधी विचारलं नव्हतं.

आणखी एक आठवलं. दाविद गेल्यावर वर्षभराने यमुनाने मला विचारलं होतं की तुमच्यासंगं भेटीला येऊ का. मला वाटलं हिला चहातून वर यायचं आहे. मी म्हणाले, प्रत्येकीने आपापल्या कृपादानात राहावं. वाक्य इतकं बरोबर होतं की ती 'बरं, बाई' म्हणाली आणि चहाकडे परत गेली.

*

आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणं हे सेवेच्या बायकांकडचं काम. म्हणजे यमुनाकडचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन आली तेव्हा चकती पुन्हा सुटली होती, आजोबा गच्चीवर होते आणि मी टॉवेल धरून पलंगाच्या कडेला बसले होते. मला ती नको होती. घरात कोणीही चाललं असतं, ती नको होती.

तिने डबा ओट्यावर ठेवला. हात धुतले. आली आणि विचारलं, "कात्री कुठंय?"

मी म्हणाले, तुला जमायचं नाही, याची पद्धत असते. तिने विचारलं, कुठं लिहिलीय पद्धत? माहितीपत्रक टेबलावर होतं, सगळं इंग्रजीत.

"मग वाचा," ती म्हणाली.

मी एकेक ओळ मराठी करून वाचत गेले आणि ती तसं करत गेली. कोमट पाण्याने पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, तोंडाचं माप घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. धीराचा आव नव्हता, दया नव्हती, नाक दाबलेलं नव्हतं. मेथी निवडताना असतो तसा चेहरा. मधेच म्हणाली की बाजारात गवार लय निबर येतीय. तिचं बोलणं गवारीवर गेलं आणि माझं अंग पहिल्यांदा सैल पडलं.

दर चौथ्या दिवशी ती येऊ लागली, कामाच्या घरी जायच्या आधी. दोन-तीन खेपांत तिने आपणहून शोधून काढलं की मी सकाळी काही खायच्या आत बदललं तर सोपं जातं. "तवा ते झोपलेलं असतंय," ती म्हणायची. नवी चकती लावली की ती वर तळहात दाबून धरायची, ऊब लागली की घट्ट बसते म्हणून. मग थोडा वेळ बसायची. मग उठायची. तीन आठवड्यांत कातडी भरून आली. तिने प्रार्थना केलीच असेल तर मला ऐकू येईल अशी केली नाही.

आता यातली माझी लाज सांगते. पहिल्या दिवसापासून मला तिला दाविदबद्दल विचारायचं होतं आणि माफी मागायची होती. मागितली नाही. विचारलं आणि ती यायची थांबली तर पिशवी कोण बदलणार? माझा पश्चात्ताप एवढ्यावर अडला होता. प्रार्थनेत मी देवाकडे रोज क्षमा मागायचे, कारण देव पिशवी बदलायला येत नव्हता. केमो सुरू झाली. तोंड आलं, केस विरळ झाले, हातापायांना मुंग्या आल्या. प्रत्येक फेरीनंतर ठरवायचे की या वेळी विचारीन. चौथी फेरी झाली तरी विचारलं नव्हतं.

*

शेवटी विचारलं ते शौर्यामुळे नाही. त्या आठवड्यात रिपोर्ट बरा आला होता आणि पिशवी काढायचा महिना डॉक्टरांनी सांगितला होता. म्हणजे तिची गरज संपत आली होती.

मी उताणी झोपले होते. ती खिडकीशी बसून चकतीला भोक पाडत होती.

"यमुना, आम्ही दाविदभाऊंना भेटायला आलो होतो, आठवतं?"

"आठवतं की."

"आम्ही गेल्यावर ते काय म्हणाले?"

तिची कात्री थांबली नाही. भोक पूर्ण झालं, कडेवरून बोट फिरवून खरबरीत कुठे राहिलंय का ते बघितलं, मग म्हणाली, "म्हणले, त्या बाईला परत आणू नको."

ती माझ्या पोटाशी येऊन बसली, जुनी चकती सोडवू लागली.

"आणिक म्हणले, सोडून सहा वर्सं झाली. देवाला म्हाईत हाय, मंडळीला नाय."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाय. चहा पिऊन गेल्या."

मी माफी मागायला लागले. नऊ वर्षांचं होतं, म्हणून नीट मागायला लागले, माझ्या हातून काय झालं, मला तेव्हा काय कळलं नाही, एकामागून एक. शब्द येत होते. तिने एक हात वर केला.

"बाई, बोलू नका. पोट हलतंय."

मी थांबले. तिने चकती बसवली, वर तळहात ठेवला आणि पाच मिनिटं दाबून धरला. तो हात म्हणजे क्षमा होती, असं लिहायला मला फार आवडलं असतं. चकती घट्ट बसावी म्हणून तो हात होता.

ती हात धुऊन आल्यावर मी आणखी एक चूक केली. मी तिला म्हणाले की त्या वेळी तुझा कागद मी चुकीचा भरला, तुझं कृपादान दयेचं आहे, आणि ते मोठं आहे, मंडळीत सगळ्यांना मी सांगणार आहे.

पिशवी बांधून कचऱ्यात टाकताना ती म्हणाली, "आता परत गुण देऊ नका."

*

पिशवी काढली त्यानंतर ती आली नाही. महिन्याने मी निरोप पाठवला. उत्तर आलं की बाई बऱ्या झाल्यात, आता काय काम हाय.

भेटीच्या मंडळातून मी निघाले. शैलाला सगळं सांगितलं, दाविदचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली की बाई, तुम्ही स्वतःवर फार कठोर होत आहात, तुमच्या शब्दांनी कितीजणांना बळ मिळालं. मी विचारलं, कोणाला? ती म्हणाली, वहीत बघा ना.

दर मंगळवारी मी आता हॉस्पिटलच्या त्या बाह्यरुग्ण खोलीत जाते जिथे पिशवीवाले बसतात. माहितीपत्रकाचं मराठी केलं आहे, मोठ्या अक्षरात, आकृत्या काढून. सिस्टरने ते ठेवून घेतलं. मागे लासलगावकडची एक बाई आली होती, कांद्याच्या खळ्यावर काम करणारी. इंग्रजी पत्रक तिने घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं आणि चकतीचं भोक अंदाजाने पाडत होती. कातडी माझ्यासारखीच सोललेली. मी तिला माप घ्यायला शिकवलं. तिने विचारलं, तुमी नर्स हाये का? मी पदर सारून माझा व्रण दाखवला. ती एवढंच म्हणाली, "मंग बरोबर."

तिच्यासाठी प्रार्थना मी मोठ्याने केली नाही. तिने मागितली नव्हती. वही नेत नाही. भाषांतर मला येतं, माप नेमकं घेता येतं, आणि वास आला तरी आता माझं तोंड बदलत नाही. यातलं पहिलं देवाने दिलं, दुसरं स्वभावाचं आहे, आणि तिसरं त्या पिशवीच्या सात महिन्यांनी दिलं. बोधाचं कृपादान मला खरोखर होतं का, हे मला अजून माहीत नाही. असेलही. कात्रीसुद्धा तीच असते, भोक चुकीचं पडतं.

आजोबांशी माझं बरं चाललं आहे. मेलेल्या गुलाबांच्या जागी त्यांनी नवे लावले आहेत. त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

*

मागच्या शुक्रवारी मी यमुनाच्या घरी गेले. न बोलावता, एकटी, हातात काही न घेता. ती मेथी निवडत होती. म्हणाली, बसा. मी बसले. समोर भिंतीवर दाविदचा फोटो होता, त्याखाली तोच पलंग. चहाचं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला फार जड गेलं असतं.

तासभरात मला तीन वेळा काहीतरी सुचलं आणि तिन्ही वेळा ते चांगलं होतं. मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली. एकदा तिने माझ्या ढिगातून दोन काड्या उचलून बाजूला टाकल्या, त्या जून होत्या. एवढंच झालं. मग मी उठले. ती दारापर्यंत आली नाही.

सारा, तुझं पान मी कोरं परत पाठवते आहे. तू मायाळू आहेस, हट्टी आहेस, आणि लहानपणी मांजराच्या जखमेला हळद लावताना तू त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हतीस, हे मला आठवतं. त्याला किती गुण द्यायचे हे मी ठरवणार नाही. आपल्याला काय दिलं आहे ते देवाला ठाऊक, आणि थोडंसं त्या माणसांना ठाऊक, ज्यांच्या घरातून आपण उठून गेलो. छाती असेल तर त्यांना विचार, आणि लवकर विचार. मला नऊ वर्षं लागली.

मी निघाल्यावर यमुना त्या खोलीत काय म्हणाली असेल, मला माहीत नाही. या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे.

तुमची,
आजी